न्यू जर्सीच्या शाळेत स्वमग्न मुलासाठी विशेष शिक्षण मिळवताना

ताई, सप्रेम नमस्कार.

येत्या जुलैत नाशिकरोडहून न्यू जर्सीला यायचे ठरले आहे, तेव्हा साडेपाच वर्षांच्या आपल्या स्वमग्न मुलाला तेथील सरकारी शाळेत मदत मिळेल का आणि त्यासाठी नाशिकमधून काढलेले दिव्यांग प्रमाणपत्र पुरेल का, असे आपण विचारले आहे. आम्ही इंदिरानगरहून येथे आलो तेव्हा आमची मुलगी सहा वर्षांची होती आणि तिची अडचणही हीच होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मदत मिळते. ‘आयडिया’ या दिव्यांग मुलांच्या शिक्षणाविषयीच्या अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार 3 ते 21 वर्षांच्या पात्र मुलांना योग्य विशेष शिक्षण विनामूल्य देणे सरकारी शाळेवर बंधनकारक आहे, आणि एच-4 किंवा एल-2 व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या पालकावर अवलंबून म्हणून, आलेल्या मुलांनाही हा हक्क आहे. मात्र आपल्याकडील प्रमाणपत्रावर अपंगत्वाची जी टक्केवारी असते, तिचा येथे उपयोग होत नाही, कारण त्या अडचणीमुळे मुलाच्या शिकण्यावर काय परिणाम होतो आणि त्याला विशेष शिक्षणाची गरज आहे का, हे येथील शाळा स्वतः तपासते. म्हणून निघण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञ, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि सध्याच्या वर्गशिक्षिका यांच्याकडून इंग्रजीत, तारीखवार अहवाल घ्यावेत, आणि मूल काय मागते, कशाने बिथरते, किती वेळ एका जागी बसते हे त्यांत स्पष्ट लिहून घ्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मूल्यमापनाची मागणी लेखी द्यावी. आम्ही ती तोंडी केली. शाळेतील मंडळी फार सौजन्याने वागली, ‘मुलगी थोडी रुळू द्या’ म्हणाली, आणि त्या रुळण्यात तिचे पाच महिने गेले, ज्याची हळहळ मला अजूनही वाटते. लेखी अर्ज पोहोचल्यापासून 20 दिवसांत ‘चाइल्ड स्टडी टीम’ने, म्हणजे मुलाचे मूल्यमापन करणाऱ्या शाळेच्या तज्ज्ञ गटाने, पालकांसह बैठक घ्यावी लागते, आणि मूल्यमापनाला आपण संमती दिल्यापासून 90 दिवसांत तपासणी, पात्रतेचा निर्णय व पात्र ठरल्यास मदतीची सुरुवात व्हावी लागते. या 20 दिवसांतून शाळेच्या इतर सुट्या वगळतात, पण उन्हाळी सुट्टी वगळत नाहीत, त्यामुळे जुलैत पोहोचून घराचा भाडेकरार हाती येताच नावनोंदणी करून त्याच दिवशी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रतीवर पोहोच घ्यावी.

भाषेकडे विशेष लक्ष द्यावे. आपला मुलगा घरी मराठी बोलतो, आणि केवळ इंग्रजीत तपासले तर त्याचे न बोलणे ‘इंग्रजी येत नाही’ या खात्यात जाऊन मूळ अडचण झाकली जाऊ शकते. उलट, त्याला मराठीत येणाऱ्या गोष्टीही येत नाहीत असे नोंदले जाऊ शकते. शक्य असेल तेथे मुलाच्या भाषेत मूल्यमापन करणे कायद्याने आवश्यक असल्याने अर्जातच मराठीचा उल्लेख करावा. बैठकीसाठी दुभाषाही मागता येतो. इंग्रजी चांगले येत असले तरी आजी-आजोबा सोबत बसणार असतील तर तो अवश्य मागावा. माझ्या सासूबाईंनी अशाच एका बैठकीत सांगितले की, मिक्सर लावला की मुलगी स्वयंपाकघरातून पळते. आवाजाचा हा त्रास आम्ही कोणीच लिहून दिला नव्हता, आणि त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तिला शांत खोली मिळाली.

यानंतर मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे ‘आयईपी’, तयार होतो. ‘गरजेनुसार स्पीच थेरपी’ अशी मोघम नोंद मान्य करू नये. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटे, एकट्याला की गटात, हे आकड्यांत असावे. पहिला आयईपी आपल्या लेखी संमतीशिवाय लागू होत नाही, त्यामुळे तो घरी आणून दोघांनी शांतपणे वाचावा आणि मगच सही करावी. शाळेचे मूल्यमापन पटले नाही तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापन मागता येते, आणि वाद सुनावणीपर्यंत गेलाच तर शाळेची बाजू योग्य असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी न्यू जर्सीत शाळा प्रशासनावरच असते.