मेस्विजचं सोडा, त्याच्या पुढचा शब्द आधी तपासा

तुमच्या आजोबांनी १९३१ मध्ये गिरगावात घेतलेल्या घराचं इंग्रजी खरेदीखत, आणि त्यातल्या एका शब्दाचं भाषांतर झालंय 'निरोप'! तुमचा प्रश्न वाचून आमचेच कागद आठवले. तो शब्द 'मेस्विज' (messuage). टाइप करताना कॉम्प्युटर त्याचं परस्पर 'मेसेज' करतो, म्हणून आधी टाइप केलेली प्रत मूळ कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून घ्या.

मेस्विज म्हणजे राहतं घर, आवारातली बाकीची बांधकामं, अंगण-परसू आणि घराच्या वापरातली लगतची जागा, सगळं मिळून. शब्द नॉर्मन फ्रेंचमधून आलेला. मूळ बहुधा 'मेस्नाज' (mesnage), म्हणजे घरदार. जुन्या हस्ताक्षरात इंग्रजी 'एन' आणि 'यू' दोन्ही दोन उभ्या दांड्यांचे, नक्कल करणाऱ्याने एकाचा दुसरा वाचला आणि चूकच रूढ झाली. मोडी वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

मराठीत त्याला एकच शब्द शोधत बसू नका. 'वास्तू' म्हटलं की जागा सुटते, 'वाडा' म्हटलं की भलतंच चित्र उभं राहतं. 'राहते घर, आवारातील बांधकामे व लगतची जागा यांसह' असं सरळ लिहा. शेजारी 'टेनेमेंट' आणि 'ड्वेलिंग हाऊस' असेल तर त्या तीन मिळकती नव्हेत, आणि टेनेमेंट म्हणजे इथे चाळीतली खोलीही नव्हे. आपल्या जुन्या सनदांमध्ये 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' लिहीत, तशीच काही सुटू नये म्हणून घातलेली ही शब्दांची रास.

आता खरा धोका. त्याच ओळीत पुढे 'हेरेडिटामेंट्स' असणार. भाषांतरकार त्याचं हमखास 'वडिलोपार्जित मिळकत' करतात. हे साफ चूक आहे. हेरेडिटामेंट म्हणजे वारसाहक्काने पुढे जाऊ शकणारी मिळकत: जमीन, इमारत, वहिवाटीच्या रस्त्याचा हक्कसुद्धा. ती विकणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला वारशाने मिळाली होती, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आजोबांनी स्वतःच्या पैशांनी घेतलेलं घर मात्र या एका शब्दाने मराठीत वडिलोपार्जित होतं. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित म्हटलं की मुलांचा जन्मतः हक्क आला, २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही. मग आजोबांना एकट्याला मृत्युपत्र करता येत होतं का, इथपासून वाद सुरू. मूळ इंग्रजी खत वाचलं तर वाद टिकू नये, पण वाचायला कुणी तयार हवं ना. आमच्या वेळी एका कार्यालयाने 'भाषांतरावर शिक्का आहे' एवढंच म्हणून मूळ कागद उघडायलाही नकार दिला. शिक्का मारणाऱ्याला तो शब्द कळला होता का, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. याची चीड अजून जात नाही.

म्हणून माझं ठाम मत: तिथे 'वारसाहक्काने संक्रमित होऊ शकणाऱ्या मिळकती' असंच लिहून घ्या, लांबलचक वाटलं तरी. मूळ इंग्रजी शब्द तळटीपेत द्यायला सांगा. शिक्का पडण्याआधी कच्चा मसुदा मागा, नंतरच्या दुरुस्तीत फार वेळ जातो. मी वकील नाही. घरात हिश्शावरून कुरबुर असेल तर दिवाणी वकिलाला मूळ खतच दाखवा, नुसतं भाषांतर नको.

'प्रिमायसेस' दिसलं तर ते दर वेळी 'आवार' नसतं. जुन्या खतांत बहुधा 'वर वर्णन केलेली मिळकत' असा अर्थ असतो. क्षेत्रफळ चौरस वारात असेल. एक चौरस वार म्हणजे ९ चौरस फूट, साधारण ०.८३६ चौरस मीटर. भाषांतरात वारच राहू द्या, मीटर कंसात. 'फझिंदारी', 'फोरस' असे शब्द आले तर ते मुंबईतले जमीनधारणेचे प्रकार आहेत, त्यांचं भाषांतर करायचंच नाही. लॉटन सर्व्हेचा (मुंबईच्या जुन्या जमीन मोजणीचा) नंबर आणि सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे, म्हणजे नंतरच्या मोजणीचा) नंबर वेगळे असतात, ते एकमेकांच्या जागी गेलेले नाहीत ना, हे मालमत्ता पत्रकाशी ताडून पाहा.

मिळकतीच्या वर्णनाचा तो परिच्छेद, नावं आणि नंबर झाकून, इथे टाकलात तर ओळीओळीने बघून सांगतो.