‘आलिया भोगासी असावे सादर’ आणि ‘देवाची खुशी’

म्हापशाच्या एका ताईंनी विचारलं आहे : “धाकटा भाऊ गेला. बाराव्याला आलेले एक काका म्हणाले, ‘आलिया भोगासी असावे सादर.’ शेजारच्या ख्रिस्ती आंटी जवळ घेऊन म्हणाल्या, ‘देवाची खुशी, बाय.’ दोघांचंही मन चांगलं, पण दोन्ही वाक्यं मला टोचली. भोग म्हणजे पापाची शिक्षाच ना? आणि माझा भाऊ जाण्यात देवाला कसली खुशी? देव मायाळू आहे असं मी मानते, म्हणूनच हे जास्त खुपतं. या शब्दांचा खरा अर्थ काय? वर्षश्राद्धाला पेपरात पुण्यस्मरण द्यायचं आहे. त्यात ही ओळ घालू या, असं घरचे म्हणतात. घालावी का?”

ताई, आधी ‘खुशी’चं सांगतो, कारण तो काटा लगेच निघण्यासारखा आहे. गोव्याच्या कोंकणीत, विशेषतः ख्रिस्ती घरांत, खुशी म्हणजे इच्छा. आंटी रोज जी प्रार्थना म्हणत असतील तिच्यात ‘तुजी खुशी’ हे शब्द आहेत, आणि त्यांचा अर्थ ‘तुझी इच्छा’. मराठीतही हा अर्थ होताच. ‘येणं न येणं तुमच्या खुशीवर’, ‘राजीखुशीनं दिलं’, ‘आपखुशीनं गेला’ असं आपण म्हणतो तेव्हा आनंदाबद्दल बोलत नसतो. पुढे मराठीत आनंदाचा अर्थ वर आला आणि इच्छेचा अर्थ अशा ठरावीक वापरांत तेवढा उरला. तेव्हा तुमच्या भावाच्या जाण्यानं देव सुखावला, असं त्या माउलीच्या मनातही आलेलं नसणार.

पण इच्छा म्हटलं तरी तुमचा प्रश्न संपत नाही, हे मला कळतं. म्हणून एक गोष्ट लक्षात आणून देतो. बायबलमध्ये पकडला जाण्याच्या रात्री येशू बापाजवळ आधी मागणं मागतो, की हा प्याला माझ्यापासून दूर कर. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हे त्यानंतर येतं, आणि ज्याच्यावर प्रसंग आला आहे तोच ते म्हणतो. दुसऱ्यानं त्याला ते ऐकवलेलं नाही. हा क्रम ध्यानात ठेवा, कारण काकांनी म्हटलेल्या, तुकोबांच्या अभंगातल्या ओळीतही नेमका तोच क्रम आहे आणि आपण तो मोडून टाकला आहे.

आता भोग. मूळ धातू भुज्, म्हणजे खाणं, अनुभवणं. भोजन त्यातलंच, उपभोगही त्यातलाच. देवापुढे ठेवतात तो राजभोग, जमीन ज्याच्या ताब्यात असते तो भोगवटादार आणि वाट्याला येतं तोही भोग. म्हणजे जे माणसाच्या वाट्याला येतं आणि त्याच्या अंगावरून जातं, त्या सगळ्याला हा शब्द चालतो, मग ते गोड असो की कडू. पूर्वकर्माचं फळ हा अर्थ त्याला परंपरेनं चिकटलेला आहे आणि तुकोबांच्या काळी तो ऐकणाऱ्याच्या मनात असणारच, हे मी लपवणार नाही. तरी शिक्षा हा काही त्याचा अर्थ नव्हे. शिक्षा म्हटलं की देणारा आला, गुन्हा आला, निवाडा आला. भोग या शब्दात यातलं काहीच नाही.

तुकोबांनी क्रियापद कोणतं वापरलं तेही पाहा. ‘आलिया’ म्हणजे आलेल्या. जुन्या मराठीतलं हे सामान्यरूप आहे. दिलेल्या भोगाला, धाडलेल्या भोगाला असं ते म्हणत नाहीत. कोणी धाडला हे ओळीत मोकळं ठेवलं आहे. ‘ठेविलें अनंतें तैसेंचि राहावें’ हा अभंग तुकोबांचाच, पण तिथे ठेवणारा अनंत आहे असं स्पष्ट म्हटलं आहे. इथे तसं नाही. आपल्याकडे लोक या दोन्ही ओळी एकाच तोंडानं, एकाच अर्थानं म्हणतात, ते मला पटत नाही.

‘सादर’मध्येही आपली फसगत होते. आज हा शब्द आपल्याला गीत सादर करणे, अहवाल सादर करणे एवढ्यापुरताच माहीत. मूळ स + आदर. आदरानं, लक्ष देऊन, तत्पर असलेला, असा त्याचा जुना अर्थ. ‘सादर प्रणाम’मध्ये तो अजून टिकून आहे. पाहुणा दारात आला की आपण उठून उभे राहतो, तसं उभं राहणं. गप्प बस, रडू नकोस, मान खाली घालून सोस, यातलं काहीही ‘सादर’मध्ये नाही. रडत रडतही माणूस सादर असू शकतो.

आणि आता खरी गोष्ट. ही ओळ अर्धी आहे. अभंगाची पूर्ण पहिली ओळ अशी :

आलिया भोगासी असावें सादर । देवावरी भार घालूनियां ॥

‘घालूनियां’ म्हणजे घालून. हे रूप आधी घडलेली क्रिया दाखवतं. ‘जेवून गेला’ म्हटलं की जेवण आधी, जाणं नंतर. त्याच हिशेबानं तुकोबांच्या वाक्यात भार घालणं आधी आहे आणि सादर होणं नंतर. छंदासाठी शब्द पुढेमागे झाले, पण व्याकरण क्रम सोडत नाही. जो आपलं ओझं आधी देवाच्या डोक्यावर ठेवून मोकळा होतो, तोच मग आलेल्या भोगासमोर उभा राहतो. अर्धी ओळ म्हणणारा सोसायला सांगतो आणि ओझं मात्र सोसणाऱ्याच्याच डोक्यावर राहू देतो. काकांचा हेतू वाईट नव्हता. वाक्प्रचार झाला की ओळी अशा तुटतात. भजनात मात्र ही ओळ तुटत नाही. पेटीपखवाजावर ती घोळवताना बुवा ‘देवावरी भार’वरच येऊन थांबतात आणि टाळकरी तेच उचलून धरतात.

पुढचाच चरण आहे, ‘मग तो कृपासिंधु निवारी सांकडें’. सांकडें म्हणजे संकट, अडचणीची अरुंद जागा. गंमत नव्हे, भाषेचा मोठेपणा म्हणून सांगतो, की आज ‘देवाला साकडं घालणं’ म्हणजे देवाकडे कळवळून मागणं. अडचणीचं नाव तेच मागण्याचं नाव झालं. आपल्या पेडण्याकडे आणि पलीकडे सावंतवाडीकडे ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालतात, तिथेही तेच. गाऱ्हाणं ही तक्रारही आहे आणि प्रार्थनाही. देवाला जाब विचारणारा नास्तिक ठरतो, असं आपल्या भाषेनं कधी मानलेलं नाही. देव मायाळू आहे असं मानणाऱ्यालाच त्याच्याकडे गाऱ्हाणं न्यावंसं वाटतं. म्हणून ताई, तुम्हाला ती वाक्यं टोचली यात तुमचा विश्वास कमी पडला असं मी अजिबात म्हणणार नाही.

तुकोबांनी हे सुखात बसून लिहिलेलं नाही. १६३० ते १६३२ च्या दुष्काळानं दख्खन होरपळून निघाला. त्या दुष्काळाबद्दल ते स्वतःच सांगतात, ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. व्यापार बुडाला, मान गेला. ‘सुख पाहतां जवापाडें । दुःख पर्वताएवढें’ म्हणणारा माणूस दुःख लहान करून दाखवत नाही. तो त्याच दुःखातून कृपासिंधू हा शब्द उच्चारतो. हे दोन्ही एका तोंडी कसं राहतं, याचं उत्तर व्याकरणात मिळत नाही. पण त्यानं दोन्हीपैकी एकही गाळलं नाही, एवढं त्याची गाथा दाखवते.

आणि हे फक्त देहूचं नाही. वास्कोचा दामोदर सप्ताह तुम्ही पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावात साथ आली, माणसं दगावू लागली, तेव्हा काही मंडळी जांबावलीच्या दामोदराकडे गेली, तिथून नारळ आणला आणि अखंड भजन धरलं, अशी त्याची कथा आहे. नाव सप्ताह, पण भजन एका दिवसरात्रीचं. श्रावण शुद्ध सप्तमीला दामोदराला नवा नारळ ठेवतात, आधीचा समुद्रात सोडतात. साथ कोणाच्या पापानं आली याचा निवाडा करत ती माणसं बसली नाहीत. ती जांबावलीला गेली, मागणं मागितलं आणि परत येऊन रात्रभर एकमेकांसोबत जागली. भार घालणं आणि सादर असणं मला कोणाला दाखवायचं झालं तर मी तो नारळ आणि ते जागरण दाखवीन.

पुण्यस्मरणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ओळ घालायची तर पूर्ण घाला. आजच्या लेखनाप्रमाणे ‘आलिया भोगासी असावे सादर । देवावरी भार घालूनिया ॥’ असं लिहिलं तरी चालेल. जुनं रूप ठेवायचं असेल तर ‘असावें’ आणि ‘घालूनियां’ दोन्हींवर अनुस्वार द्या, एकावर देऊन दुसऱ्यावर सोडू नका. खाली ‘संत तुकाराम’ असं नाव छापा, कारण ‘तुका म्हणे’चा चरण इथे नाही. चौकट लहान असेल आणि दोन अर्धं मावत नसतील, तर पहिलं अर्ध एकटं देऊ नका. त्याच अभंगातलं ‘शरण देवासी जातां भलें’ घ्या. ते एका ओळीत बसतं आणि भावाच्या फोटोखाली वाचणाऱ्या कोणाला टोचणार नाही.