अंग खाली आलंय? आधी स्नायू बरोबर आवळतेस का ते बघ

अगं, घाबरू नकोस. अंग खाली येणं, म्हणजे गर्भाशय किंवा मूत्राशय योनीत खाली सरकणं, पुष्कळ जणींना होतं, आणि सुरुवातीच्या टप्प्यात व्यायामाने त्रास बराच कमी होऊ शकतो. पण एकदा तरी पेल्विक फ्लोअरच्या (ओटीपोटाच्या तळाशी या अवयवांना आधार देणाऱ्या स्नायूंच्या) फिजिओथेरपिस्टकडून तपासून घे. मी दोन महिने घरीच केगल, म्हणजे हे स्नायू आवळायचा व्यायाम, करत होते. तिने तपासलं तेव्हा कळलं, वर ओढायच्या ऐवजी मी खाली जोर देत होते. नेमकं उलटं!

वारा रोखताना आवळतो तसं आवळायचं, आत आणि वर. श्वास चालू, कुल्ले-मांड्या सैल. ३-४ सेकंदांपासून हळूहळू १० पर्यंत जा. १० वेळा, दिवसातून ३दा. मधे पूर्ण सैल सोडायचं, तेही तितकंच महत्त्वाचं. शिंक आली, काही उचलायचं असलं, की आधी आवळ. फरक पडायला ३-४ महिने लागतात, मधेच सोडू नकोस.

आणि बद्धकोष्ठ असेल तर ते आधी घालव. कुंथून कुंथून सगळी मेहनत वाया जाते. कमोडवर पायाखाली छोटं स्टूल घे, गुडघे कमरेच्या वर येऊ देत. लघवी अडली किंवा रक्त दिसलं तर मात्र थेट डॉक्टरकडे जा.