बारा कामगारांच्या युनिटला ईएसआय आणि युनियन परवडते का?

प्रश्न विचारणाऱ्यांचं बारा माणसांचं युनिट आहे. ईएसआय (कामगार राज्य विमा, म्हणजे मालक आणि कामगार दोघांच्या हप्त्यांवर चालणारी सरकारी विमा योजना) लावावं का, आणि पोरांनी युनियन केली तर धंदा टिकेल का, असं त्यांनी विचारलंय.

टिकतो. आमचं शॉप बुडायला आलं होतं ते ईएसआय न भरल्यामुळे. आमच्या घरात मात्र ही गोष्ट इतकी वर्षं उलटी सांगितली जाते, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत थोरला भाऊ आणि मी मिळून प्रेस शॉप, म्हणजे यंत्रावर पत्र्याचे भाग दाबून काढायचं युनिट, चालवायचो. पाच पॉवर प्रेस, चौदा कामगार आणि मस्टरवर (हजेरीपटावर) नऊ नावं. दहाव्या माणसाला ईएसआय कायदा लागू होतो हे छोट्या मालकांना पाठ असतं. 2017 चा हिशेब सांगतो. सरासरी पगार 12,000. मालकाचा वाटा तेव्हा 4.75 टक्के होता, म्हणजे माणशी 570 रुपये, चौदा जणांचे महिन्याला 7,980. वर्षाचे जवळजवळ 96 हजार. दादा म्हणायचा, यात एक डाय (प्रेसचा साचा) होते. हिशेब माझ्याकडे असायचा आणि मी कधी विरोध केला नाही. पोरं दोनदा ईएसआयचं कार्ड मागायला माझ्या टेबलाशी आली होती, त्यातल्या एकाची बायको पोटुशी होती. दोन्ही वेळा मी "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून त्यांना परत पाठवलं.

त्याच पावसाळ्यात रात्रपाळीला एका ऑपरेटरची दोन बोटं गेली. प्रेसला दोन बटणं असतात, दोन्ही हात त्यांच्यावर असले तरच रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येतो. आमच्याकडे एक बटण तारेने कायमचं दाबून ठेवलेलं होतं, कारण तसं केलं की तासाला नग जास्त निघायचे. हे दादाला माहीत होतं आणि मलाही. दादा फोनवर म्हणाला, "प्रायव्हेटला ने, घरी लागलं म्हणून सांग." मी गाडी काढली. हाताला टॉवेल गुंडाळून तो मागच्या सीटवर बसला होता. बराच वेळ काहीच बोलला नाही. मग विचारलं, "भाऊ, मस्टरवर नाव आहे ना माझं?"

नव्हतं.

दवाखान्याचं बिल 1 लाख 84 हजार झालं. भरपाईची तडजोड 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या हिशेबाने केली. पगार कितीही जास्त असो, तेव्हा धरायचे फार तर 8,000. त्याचे 60 टक्के, गुणिले वयाचा गुणक (तिशीच्या माणसाला 207.98), आणि एका हाताची दोन बोटं गेली की त्याचे 20 टक्के. झाले दोन लाखांच्या आसपास. ईएसआयचे थकलेले हप्ते 12 टक्के व्याजाने भरले ते वेगळेच. आधीपासून भरत असतो तर उपचार, घरी बसलेल्या दिवसांचा 90 टक्के पगार आणि बोटांपोटी आयुष्यभराची पेन्शन, सगळं ईएसआय महामंडळाने दिलं असतं. शिवाय ईएसआयमधल्या कामगाराला त्याच अपघाताची भरपाई मालकाकडून पुन्हा मागता येत नाही. तो हप्ता आमचाही विमा होता. आम्ही त्याला दंड समजत बसलो.

आठ दिवसांत गेटवर युनियनचा बोर्ड लागला. दादा अजूनही लग्नाकार्यात सांगतो की बाहेरच्यांनी पोरांना भडकवलं. बाहेरचं कुणी आलं नव्हतं. तीच पोरं होती, दोनदा माझ्या टेबलाशी येऊन गेलेली. काम अकरा दिवस बंद राहिलं आणि एका गिऱ्हाईकाने आपली डाय उचलून दुसऱ्या व्हेंडरकडे नेली, ते परत आलं नाही. हे नुकसान खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण बंदच्या आदल्या दिवशी त्यांची मागणी एका ओळीची होती: चौदाही नावं मस्टरवर घ्या.

पुढे आम्ही भाऊ वेगळे झालो, शॉप माझ्याकडे आलं. युनियनशी तीन वर्षांचा करार केला. पगारवाढ 2,400, तीन टप्प्यांत, आणि बदल्यात पाळीचे नग 3,200 वरून 3,600, दोन्ही बटणं चालू ठेवून. ते झालं, कारण डाय बसवायला लागणारा वेळ कुठे वाया जातो हे मला त्या पोरांनीच दाखवलं. करार असला की तीन वर्षं मजुरी किती हे माहीत असतं, गिऱ्हाइकाला दर देताना हात थरथरत नाही. आणि तक्रार असेल तर दोन माणसं केबिनमध्ये येऊन बोलतात, सगळी लाइन थांबत नाही.

दादाचा ठरलेला दाखला म्हणजे मुंबईच्या गिरण्या. 18 जानेवारी 1982 चा संप, अडीच लाखांच्या घरात कामगार, शेवट सगळ्यांना माहीत आहे. पण तिथल्या कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच संघटनेला दिला होता, आणि तिच्यावर कामगारांचा विश्वास उरला नव्हता. म्हणून ते कामगार पुढारी दत्ता सामंतांकडे गेले. भिवंडी-मालेगावचे यंत्रमाग गिरण्यांचं काम आधीपासूनच खात होते. दादा, यातून युनियन नको असं कसं निघतं?

तुमच्या बारा जणांबद्दल: जुलै 2019 पासून मालकाचा वाटा 3.25 आणि कामगाराचा 0.75 टक्के आहे. 16,000 पगारावर तुमचे 520 जातात. घरच्यांचे उपचारही त्यातच येतात. आमच्या एका हेल्परच्या बायकोचं सिझेरियन सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलमध्ये झालं, त्याला कर्ज काढावं लागलं नाही. मोठ्या कंपन्या व्हेंडरकडे ईएसआय भरल्याचं चलान मागतात, तोही फायदा धरा.

एक राहिलं. 21,000 च्या वर पगार असलेले ईएसआयमध्ये बसत नाहीत, त्यांच्यासाठी ग्रुप मेडिक्लेम आणि अपघाताची वेगळी पॉलिसी घ्या. औषधांच्या रांगेत अर्धा दिवस जातो ही पोरांची तक्रारही खरी आहे. त्या दिवशी खाडा लावू नका. आणि आपली भांडणं तुमच्या गेटवर आणणारा पुढारी भेटणारच नाही, असं मी म्हणत नाही.

तो ऑपरेटर आजही माझ्याकडे इन्स्पेक्शनला आहे. दोन लाख एकरकमी आले ते बहिणीच्या लग्नात आणि गावच्या कर्जात संपले. ईएसआय असतं तर महिन्याला साधारण 2,160 रुपये मरेपर्यंत मिळाले असते.

दादा, हे तुझ्यापर्यंत पोचेलच. तुझ्या सिन्नरच्या शेडमध्ये मस्टरवर आजही नऊच नावं आहेत. दिवाळीत आलो होतो तेव्हा बाहेर सोळा मोटरसायकली उभ्या होत्या. मी मोजल्या.