काचेची काकडी

प्रश्न : मुलगा आर्किटेक्चर शिकतोय. लंडनच्या ‘घर्किन’ इमारतीचा फोटो दाखवून म्हणाला, “नाशकात असं हवं.” मी म्हटलं, “काचेची काकडी!” दोन दिवस अबोला आहे. चुकलं कोणाचं?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : काका, घर्किन म्हणजे लोणच्याची काकडीच! १८० मीटर उंचीच्या त्या इमारतीला हे नाव तिकडच्याच लोकांनी चिकटवलं. पॅरिसला १९७३ चा मोंपार्नास मनोरा इतका खुपला, की १९७७ मध्ये शहरात इमारतींच्या उंचीला जास्तीत जास्त ३७ मीटरची मर्यादा आली.

तरी मी अर्धाच तुमचा. भद्रकालीतला आमचा वाडा, सागवानी खांबांचा, आम्हीच विकला (मीही सही केली). तिथल्या खोक्यासारख्या इमारतीवर कोणी भांडलंसुद्धा नाही. मुलाला रामकुंडावर न्या. त्याला हव्या असलेल्या मनोऱ्याची सावली संध्याकाळी कुठे पडेल, ते त्यालाच काढून दाखवू द्या.