वेळेचा रकाना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

हृदयविकाराच्या झटक्यावरच्या तुझ्या प्रबंधाच्या तक्त्यात छातीत दुखू लागल्याच्या वेळेचा रकाना कित्येक ओळींत रिकामा आहे, सिनिअर म्हणतात की तिथे सरळ ‘सहा तास’ लिहून टाक, गाइडना पुढच्या महिन्यात पूर्ण तक्ता हवा आहे, आणि तू मला विचारतेस की ट्रोपोनिनच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणाऱ्या प्रथिनाच्या, आकड्यावरून मागे मोजत वेळ ठरवली तर चालेल का. चालणार नाही. ट्रोपोनिन रक्तात चढायला काही तास लागतात, आणि ते किती वेगाने चढेल हे किती स्नायू मेला, बंद झालेली रक्तवाहिनी मध्येच आपोआप उघडली का, मूत्रपिंडे कशी चालतात, अशा अनेक गोष्टींवर ठरते. इजा झाली हे ते सांगते, केव्हा झाली हे नाही. ती वेळ रुग्णाला विचार, त्याच्या घरच्यांना विचार, आणि तरीही कळली नाही तर ‘अज्ञात’ लिही. अंदाजाने भरू नकोस.

हा एक रकाना मला एवढा महत्त्वाचा का वाटतो, ते तुला शिकवले गेले नसावे, कारण पाठ्यपुस्तकात निष्कर्ष असतात, ते कशाच्या आधारावर उभे राहिले हे क्वचितच असते. रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ साली कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी ४० मिनिटे, ३ तास, ६ तास अशी मोजून बांधली आणि सोडली, तेव्हा कणकुंबी-जांबोटीकडच्या घरांत पावसाळ्यात भिंतीवर ओल सरकत जाते तसा स्नायूचा मृत्यू आतल्या थराकडून बाहेरच्या थराकडे सरकताना दिसला. १९८० साली अमेरिकेत स्पोकेन येथे डीवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐन झटक्यात अँजिओग्राफी केली, जे तोवर करायला लोक धजत नव्हते. दुखू लागल्यापासून चार तासांच्या आत तपासलेल्यांपैकी ८७ टक्के रुग्णांत वाहिनी पूर्ण बंद होती; बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हेच प्रमाण ६५ टक्के होते. वाहिनीतली रक्ताची गुठळी हे झटक्याचे कारण की त्याचा परिणाम, हा जुना वाद या आकड्यांमुळे बराचसा मिटला. पण रुग्ण तासांप्रमाणे लावले नसते तर हा फरक दिसलाच नसता, आणि ते तास कुणीतरी रुग्णाच्या उशाशी बसून विचारून घेतले होते.

इटलीतल्या जिस्सी चाचणीचे तर सारे मोल मला याच रकान्यात दिसते. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत अकरा हजारांहून अधिक रुग्ण होते आणि औषध होते गुठळी विरघळवणारे आपले जुने स्ट्रेप्टोकायनेज, १५ लाख युनिट, तासाभरात शिरेतून. एकूण मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. पण तासांनुसार पाहा: पहिल्या तीन तासांत आलेल्यांत १२ वरून ९.२, तीन ते सहा तासांत १४.१ वरून ११.७, सहा ते नऊ तासांत १४.१ वरून १२.६, आणि नऊ ते बारा तासांत औषध घेतलेल्यांत १५.८ तर न घेतलेल्यांत १३.६. शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण लवकर येणाऱ्याला औषध अधिक वाचवते हे या उतरंडीवरूनच जगाला नीट कळले. आता कल्पना कर की तिथल्या डॉक्टरांनी कळत नाही म्हणून सगळीकडे ‘सहा तास’ लिहिले असते. लवकर आलेले आणि उशिरा आलेले एकाच ओळीत मिसळले असते आणि उतरंड सपाट झाली असती. तुझ्या सिनिअरना हे कळत नाही असे मी म्हणणार नाही. त्यांना तक्ता भरायची घाई आहे, एवढेच.

आणि बारा तासांच्या आतला रुग्णच प्रबंधात घ्यायचा असा तुझा निकष असेल, तर ‘सहा’ लिहिल्याने रिकामी जागा भरते तेवढेच नाही, जो रुग्ण कदाचित वीस तासांनी आला होता तोही आत घुसतो. मग त्याला औषधाचा उपयोग झाला नाही, हा दोष तू औषधाला देणार की रकान्याला?

आता कसे विचारायचे ते सांगतो, कारण ‘कधीपासून दुखतंय?’ असे विचारले तर खानापूरच्या बाजूचा माणूस ‘सकाळपासून’ म्हणेल, आणि सकाळ म्हणजे चारपासून अकरापर्यंत काहीही. त्याला दिवसाच्या कामाजवळ आण. डेअरीत दूध घालायच्या आधी की नंतर? वस्तीची बस सुटली होती का? काकड आरती, अजान, साखर कारखान्याचा भोंगा, संध्याकाळची टीव्हीवरची मालिका, जेवणाचे ताट, यांपैकी काय झाले होते आणि काय व्हायचे होते? मग त्याच्या मुलाला बाहेर नेऊन हेच वेगळे विचार, बापाचे उत्तर न सांगता. मुलाचा मोबाइल माग. घरून पहिला फोन केव्हा गेला ते त्यात मिनिटासह असते. ती दुखण्याची वेळ नव्हे, पण दुखणे त्याच्या आधीचे हे नक्की, म्हणून ती वेगळ्या रकान्यात लिही. दुखणे थांबून पुन्हा सुरू झाले असेल तर दोन वेळा लिही: पहिल्यांदा आले तेव्हाची आणि मग थांबलेच नाही तेव्हाची. ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन झोपलेला माणूस पहिली वेळ सांगतच नाही, कारण त्याच्या लेखी ते पित्तच होते. पहिल्या दिवशी उपचारापुरते विचार, दुसऱ्या दिवशी दुखणे उतरल्यावर पुन्हा, आणि मराठी माणसाला मराठीत, कन्नड माणसाला कन्नडमध्ये. कन्नड येत नसेल तर वॉर्डातल्या सिस्टरला सोबत घे; आपल्याकडच्या सिस्टर दोन्ही भाषांत पीजी डॉक्टरांपेक्षा चांगले विचारतात.

इथे बेळगावात बसून कसले संशोधन, असेही तू लिहिले आहेस. हे वाचून मला राग आला, तो लपवत नाही. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून चाललेली क्रिएट ही झटक्याच्या रुग्णांची नोंदणी २००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. ८९ रुग्णालये, वीस हजारांवर रुग्ण. स्टेमीच्या, म्हणजे वाहिनी पूर्ण बंद होऊन येणाऱ्या झटक्याच्या, रुग्णांना रुग्णालयात पोचायला लागलेल्या वेळेचा मध्यक होता ३०० मिनिटे, आणि पोचल्यापासून गुठळी विरघळवणारे औषध सुरू व्हायला ५० मिनिटे. आपण दाराच्या आतल्या पन्नास मिनिटांवर चर्चासत्रे घेतो, कारण ती आपल्या घड्याळावर मोजता येतात. दाराबाहेरची तीनशे मिनिटे खानापूरच्या जंगलातल्या रस्त्यांवर, अथणीच्या उसाच्या फडात, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत जातात, आणि ती मोजायची तर इथल्या माणसाला इथल्या माणसानेच विचारावे लागते. त्यात निपाणी-चिकोडीकडचा रुग्ण कधी बेळगावला येतो, कधी कोल्हापूरला किंवा मिरजेला जातो. त्याचा पहिला ईसीजी एका राज्यात आणि अँजिओग्राफी दुसऱ्या राज्यात. आता तालुका रुग्णालयात ईसीजी काढून, मोठ्या केंद्राचा सल्ला घेऊन टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारे औषध द्यायची सरकारी योजनाही आहे. ती किती जणांना वेळेत पोचते, हे दुखू लागल्याची खरी वेळ नसेल तर कोण सांगणार?

माझ्याविषयी तू ऐकले असशीलच. तालुक्याच्या दवाखान्यात असताना झटक्याच्या रुग्णांची वही मी बरीच वर्षे ठेवली आणि तिच्यावरून एक लेख लिहिला. ‘अज्ञात’ ओळी फार आहेत, त्या गाळा किंवा भरा, असे कळवून एका नियतकालिकाने तो परत पाठवला. मी दोन्ही केले नाही. माझ्याबरोबरचे पुढे प्राध्यापक झाले आणि मी हेकट ठरलो. लेख छापला गेला नाही याची खंत आहे, कारण त्या वहीचा कुणालाच उपयोग झाला नाही. तरीही त्या ओळी गाळायच्या नव्हत्या, हे मी आजही म्हणतो. वेळ अज्ञात असलेले रुग्ण इतरांसारखे नसतात. ते म्हातारे असतात, मधुमेही असतात, ज्यांना कळ न येता फक्त घाम आणि दम लागतो असे असतात, एकटे राहणारे असतात. त्यांना गाळले की उरलेले चित्र सुधारलेले दिसते. शिवाय जो वाटेतच गेला तो तर कोणाच्याच तक्त्यात येत नाही. दहा तासांनी आलेला रुग्ण म्हणजे दहा तास तगलेला रुग्ण, हे उशिरा येणाऱ्यांचे आकडे वाचताना विसरू नकोस. हे मी स्वतःच्या समर्थनासाठी लिहितो आहे असे तुला वाटेल. थोडे तसे आहेही. म्हणून युक्तिवाद चुकीचा ठरत नाही.

गाइडकडे जाताना रिकामा तक्ता नेऊ नकोस. चार रकाने कर: रुग्णाने सांगितलेली वेळ, नातेवाइकाने सांगितलेली वेळ, पहिल्या फोनची वेळ, आणि चौथ्यात कोणती धरली व का. वेळ ठाऊक असलेल्यांची आणि अज्ञात असलेल्यांची वये, मधुमेह, मृत्यू असा एक वेगळा छोटा तक्ता जोड. त्याने ‘अज्ञात’ ओळींचे ओझे वाटेनासे होईल आणि प्रबंधात एक प्रकरण वाढेल, जे गाइडनाही आवडते. घरी गेलेल्या रुग्णांना फोन करून विचारायचे असेल तर आधी एथिक्स कमिटीच्या मंजुरीत तसे लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर सोमवारीच दुरुस्तीचा अर्ज दे, संमतिपत्राची मराठी आणि कन्नड प्रत जोडून, आणि मंजुरी येईपर्यंत एकही फोन करू नकोस. पुढच्या महिन्याची मुदत त्यामुळे टळेल, ती टळू दे. गाइड रागावले तर माझे नाव सांग. त्यांना माझा हेकटपणा ठाऊक आहे.