घरात मांजर असेल तर कोणती झाडं काढून टाकावीत?

पिल्लू आणलंय, बाल्कनीत मनी प्लांट, कोरफड, तुळस आणि एक सायकस आहे, यातलं काय काढू आणि बाकीच्यांवर मिरपूड शिंपडली तर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. सायकस आजच घराबाहेर काढा. त्याचं पान, खोड, बी सगळंच विषारी, बी सगळ्यात जास्त, आणि ते विष थेट यकृतावर जातं. तुळस राहू द्या. मनी प्लांट आणि कोरफड पिल्लू पोचणार नाही अशा जागी टांगा. मिरपुडीच्या भानगडीत पडू नका. पाणी घातलं की ती धुऊन जाते, आणि पिल्लाच्या डोळ्यात गेली तर नसता ताप.

माझ्या मते मात्र खरा धोका बाल्कनीत नाही, दारातून आत येणाऱ्या बुकेत आहे.

आमच्या वास्तुशांतीला मोठे दीर लिलीचा बुके घेऊन आले. गुलाबी-पांढरी, तळहाताएवढी फुलं, हॉलभर वास. मी आत पुरणाच्या गडबडीत, आणि कुणीतरी ती फुलं पितळी तांब्यात घालून टीव्हीशेजारी ठेवून दिली. ताटं घ्यायला बाहेर आले तर आमची मांजर ठमी सोफ्याखाली बसून पंजा चाटत होती. पांढऱ्या छातीवर लिलीच्या परागाची केशरी पूड, हळद सांडावी तशी, आणि थोडी मिशांनाही. एकही पाकळी कुरतडलेली नव्हती. लस द्यायला नेलं तेव्हाच डॉक्टरांनी बजावलं होतं की लिली आणि मांजर एका घरात नको, त्यामुळे ती पूड बघूनच मला घाम फुटला. ओल्या फडक्याने तिचं अंग पुसलं, टॉवेलमध्ये गुंडाळलं, एक फूल देठासकट पिशवीत घातलं आणि पंगत सोडून निघाले. दारात भाऊजी म्हणाले, "अगं, जनावर आहे ते, त्याला उपजत कळतं काय खायचं ते. आमच्या ब्रूनो कुत्र्याने तर अख्खं फूल खाल्लं होतं."

जवळच्या दवाखान्यात सांगितलं, उलटी झाली तर उद्या आणा. मी तिथे वाद घातला नाही, सरळ दुसरीकडे गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी फूल बघितलं आणि आधी ठमीच्या पुढच्या पायावरचे केस काढून सुई लावली, मग बोलल्या. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चालतायत ते सांगणारा आकडा, तेव्हा ठीक आलं, तरी त्यांनी तिला ठेवून घेतलं आणि सलाईन चालू ठेवलं. ठमी ठणठणीत घरी आली.

तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नामुंजीत मला ऐकावं लागतं, "काही झालंच नव्हतं, उगाच पैसे घातलेस."

काही झालं नाही ते सलाईन वेळेत लागलं म्हणून! लिलीच्या विषात आधी उलट्या होतात, लाळ गळते, मग मांजर जरा बरं वाटतं. लोक म्हणतात, चला, निभावलं. त्याच वेळात मूत्रपिंडं बिघडत असतात आणि २४ ते ७२ तासांत ती निकामी होतात. साधारण १८ तासांच्या आत उपचार सुरू झाले तर मांजर वाचण्याची शक्यता चांगली असते. लघवी बंद झाल्यावर नेलं तर फार थोडं हातात उरतं. म्हणून "थांबून बघू" हा सल्ला देणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, मग तो घरातला असो की दवाखान्यातला.

राहिलं ब्रूनोचं. कुत्र्याचं लिलीने पोट बिघडतं, मूत्रपिंडं जात नाहीत. हा धोका मांजरालाच आहे, त्यामुळे कुत्र्याचा दाखला इथे चालतच नाही. आणि उपजत ज्ञान म्हणाल तर ठमीने लिली खाल्लीच नव्हती. अंगाला लागलेली पूड तिने चाटून काढली, कारण स्वच्छ राहणं हाही तिचा उपजत स्वभावच. तुऱ्यांतले परागकोश कापलेली लिली मिळते, तीही नको. पाकळी, पान, देठ, फार काय, तांब्यातलं पाणीसुद्धा विषारी असतं.

नर्सरीवाले "हवा शुद्ध करणारी झाडं" म्हणून मनी प्लांट, पीस लिली, फिलोडेंड्रॉन गळ्यात मारतात. ती यादी नासाच्या १९८९च्या अभ्यासातून आली, तोही बंद पेटीतला. उघड्या खिडक्यांच्या घरात त्याचा काय उपयोग? पण या तिन्हींत अळूसारखे टोचरे स्फटिक असतात, चावलं की मांजराचं तोंड भाजल्यासारखं होतं. पीस लिली ही खरी लिली नव्हे, तिने मूत्रपिंडं जात नाहीत, एवढं मात्र सांगायला हवं. कण्हेर, अडेनियम, पानफुटी थेट हृदयावर जातात, आणि कळलावी तर अंगणातही नको.

मी डॉक्टर नाही, तेव्हा शंका आली की फोन डॉक्टरांनाच करा. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढायला जाऊ नका, त्या मिठानेच मांजर दगावू शकतं. पिल्लाला चघळायला गव्हाचे दाणे पेरून एक कुंडी त्याच्या हक्काची ठेवा. आणि पाहुण्यांना आमंत्रण देतानाच सांगा: फुलं आणायचीच तर गुलाब, जरबेरा, ऑर्किड आणा. मी आता आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर प्रत्येक कार्यक्रमाआधी हे लिहिते, भाऊजींचं नाव घालून.